डीपीवरची प्लेट वाचा, मंग १०० ची मागा



आज पिकावर नाही, डीपीवर लिहितो. संत्रा, कपाशी, हरभरा म्हटलं की आपण सगळे तज्ज्ञ. डीपी म्हटलं की "ते वायरमनचं काम". मीही असंच म्हणत होतो. पण या एप्रिलमध्ये माझ्या बगीच्यात अंबियाची जी गळ झाली ती कोळशीनं नाही झाली आणि डिंक्यानंही नाही. ती डीपीनं झाली. आणि खरं लिहायचं तर त्यात माझाही हात आहे.

आमची डीपी नाल्याच्या काठावर, ६३ ची. तिच्यावर १२ मोटरी. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी आवाज झाला, तेल उडालं, डीपी जयली. फळ तेव्हा गोटीएवढं. वरून ४३-४४ चं ऊन. दुसरी डीपी बसेपर्यंत झाडांनी खालच्या आळ्यात हिरव्या गोट्यांचा सडा घातला. वर्गणी झाली, ट्रॅक्टर गेला, डीपी आली, नारळ फोडला. सतराव्या दिवशी तीही गेली. ग्रामीण भागात जळालेलं रोहित्र ४८ तासांत बदलून मिळावं असा नियम आहे, तो आपला हक्क आहे, तो मागायचाच. पण सतरा दिवसांत दुसरी डीपी जळते तेव्हा फक्त ऑफिसकडं बोट दाखवून भागत नाही. आम्ही मात्र दोन्ही वेळा तेच केलं.

माझा पुतण्या आयटीआय करून अमरावतीले इलेक्ट्रिशियनचं काम करतो. तो आला होता. मारोतीच्या पारावर आमच्या शिव्या ऐकून घेतल्या आणि म्हणे, "काकाजी, डीपीवर का लिवलं हाय ते पाह्यलं का कोनी?"

मी म्हटलं, "६३ लिवलं हाय. माहीत हाय आमाले."

"६३ काय?"

बारा शेतकरी बसले होते. एकालाही सांगता आलं नाही. एक म्हणे एचपी, एक म्हणे किलोवॉट, एक म्हणे मोटरी. साठ-बासष्ट एचपी चालते असं आम्ही गेली पंधरा वर्षं धरून चाललो होतो, कशावरून ते देव जाणे. कीटकनाशकाच्या डब्यावरचं बारीक अक्षर चष्मा लावून वाचणारे आपण, आणि ज्या खांबावर अख्खा बगीचा टांगला आहे त्याची प्लेट कोणी वाचली नाही. म्हणून हे लिहायला घेतलं.

पहिले एक सांगतो. प्लेट वाचायला खांबावर चढायचं नाही, ओट्यावर पाय ठेवायचा नाही. वर ११ हजार व्होल्ट आहे. खाली कुंपणाबाहेर उभं राहून मोबाईलनं झूम करून फोटो काढा, घरी मोठा करून पाहा. सगळं दिसते.

आमच्या तिसऱ्या, म्हणजे आताच्या डीपीच्या प्लेटवर पहिला आकडा केव्हीए ६३. मंग व्होल्ट ११०००/४३३. मंग ॲम्पियर ३.३ आणि ८४. मंग फेज ३, फ्रिक्वेन्सी ५०, इम्पीडन्स ४.५ टक्के, डीवायएन ११, ओएनएएन, तापमान ३५/४०, तेल किती लिटर, वजन किती, बनवल्याचं साल, आणि वर आयएस ११८० हा मानकाचा नंबर. यातला प्रत्येक आकडा शेतकऱ्याला लागतो असं मी म्हणत नाही. डीवायएन ११ हे इंजिनिअर लोकांचं घड्याळ आहे, त्यात आपले ११ वाजवायची गरज नाही. त्यातला 'एन' म्हणजे न्यूट्रल बाहेर काढलेला आहे एवढं कळलं तरी पुरे. ओएनएएन म्हणजे आतलं तेल आपोआप फिरते आणि बाहेरच्या हवेनं थंड होते, पंखा-पंप काही नाही. पण केव्हीए, ॲम्पियर आणि तापमान हे तीन समजलेच पाहिजेत.

केव्हीए म्हणजे काय? मी पुतण्याले विचारलं, मोटर एचपीत, बिलावर युनिट, मंग डीपीवर हे तिसरंच काऊन? त्यानं आपल्या भाषेत सांगितलं ते असं. ट्रॉलीत संत्र्याचे क्रेट भरून बाजारात नेले. भाव संत्र्याचा मिळते, क्रेटचा नाही. पण ट्रॉलीच्या एक्सलवर वजन संत्रा आणि क्रेट दोघांचं पडते. मोटर डीपीकडून जो करंट ओढते त्यातला काही पाणी उपसते, तो किलोवॉट. काही करंट नुसता मोटरमधलं चुंबक तयार करायला जाते-येते, तो काम करत नाही, पण तारेतून आणि डीपीच्या गुंडाळीतून वाहतेच. गुंडाळी तापते ती एकूण करंटनं. त्याला कामाचा कोणता आणि बिनकामाचा कोणता हे कळत नाही. म्हणून डीपीची ताकद केव्हीएत लिहितात. (दोघांची सरळ बेरीज होत नाही, तिथं भूमितीतल्या काटकोन त्रिकोणाचा हिशोब येते. दहावीत तो मी घोकला होता, उपयोग चाळीस वर्षांनी कळला.)

आता एचपीवरून केव्हीए. एक एचपी म्हणजे ७४६ वॉट, पण ते मोटरच्या शाफ्टवरचे. मोटर स्वतः थोडं खाते. पाचची मोटर शाफ्टवर ३.७ किलोवॉट देते, तारेतून ४.६ च्या आसपास घेते. पॉवर फॅक्टर ०.८ धरला तर ४.६ भागिले ०.८, म्हणजे पावणेसहा केव्हीए. साधा हिशोब असा की कॅपॅसिटर नसलेल्या मोटरीचे जेवढे एचपी तेवढ्यावर पंधरा टक्के चढवा, ते झाले केव्हीए. चांगला कॅपॅसिटर असेल तर जेवढे एचपी तेवढेच जवळपास केव्हीए. रिवाइंडिंग केलेल्या जुन्या मोटरी याहून जास्त खातात, ते वेगळं.

कागदावर आमच्या डीपीचा हिशोब एकदम बरोबर होता. नऊ कनेक्शन पाचचे, तीन कनेक्शन तीनचे, एकूण ५४ एचपी. पंधरा टक्के चढवले तर ६२ केव्हीए. डीपी ६३ ची. ज्यानं कोणी मंजूर केलं त्यानं गणित करून मंजूर केलं. काठोकाठ, पण बसवलं होतं.

मंग पुतण्या म्हणे, कागद राहू द्या, चला वावरात. टाँग टेस्टर घेऊन तो स्टार्टर टू स्टार्टर फिरला. सबमर्सिबलची प्लेट तर बोअरमध्ये खाली, पण करंट खोटं बोलत नाही. पाचची मोटर चांगल्या व्होल्टेजवर आठ ॲम्पियरच्या आसपास घेते. पहिल्याच स्टार्टरवर काटा १३ वर. तो स्टार्टर माझा.

"काकाजी, मोटर पाचचीच हाय ना?"

पाचचीच होती. बोअर खोल गेला, पाणी वर येईना, चार वर्षांआधी साडेसातची टाकली. अर्ज केला नाही. कोण करते? माझी निघाली म्हटल्यावर बाकीच्यांनीही खरं सांगायला सुरुवात केली, नाहीतर कोणी तोंड उघडलं नसतं. बारापैकी आठजणांनी मोटर वाढवली होती. एक दहाची, सहा साडेसातच्या, तीन पाचच्या, दोन तीनच्या. बेरीज ७६ एचपी. पंधरा टक्के चढवून ८७ केव्हीए, ६३ च्या डीपीवर.

वायरमनभाऊंना बोलावून, त्यांच्या हातानं, डीपीच्या पेटीत सगळ्या मोटरी चालू असताना पाच मिनिटं करंट मोजला. तीन फेजवर १२८, १३१ आणि ११९. प्लेटवर लिहिलं ८४. तिथं उभे असलेले सगळे गप्प झाले. पुतण्या एवढंच बोलला, "जयली नाही काकाजी, जाळली."

आता ३५/४० चा अर्थ सांगतो, कारण आपल्या वऱ्हाडातल्या उन्हासाठी तोच आकडा जीवघेणा आहे. पूर्ण लोडवर तेल बाहेरच्या हवेपेक्षा फार तर ३५ डिग्रीनं आणि गुंडाळी सरासरी ४० डिग्रीनं जास्त तापावी अशी त्याची रचना. डिसेंबरच्या रात्री हवा १२ असते, तेल ४७ पर्यंत जाईल. मे महिन्याच्या दुपारी हवा ४५, तेल ८०. हे लोड बरोबर असताना. लोड जास्त असला की मामला सरळ वाढत नाही. करंट दुप्पट झाला तर गुंडाळीतली उष्णता चौपट होते. आमच्या प्लेटवर नुकसान पण लिहिलं आहे, ५० टक्के लोडवर ३४० वॉट आणि १०० टक्क्यांवर ११४० वॉट. पाहा, लोड दुप्पट आणि गरमी तिपटीच्या वर. आमचा लोड होता १३९ टक्के, म्हणजे दोन हजार वॉटच्याही वर. पाणी तापवायची दोन हजार वॉटची कॉइल डीपीच्या तेलात टाकून दिवसभर चालू ठेवली समजा. आत तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या तारेवर कागद गुंडाळलेला असते. साधारण सहा डिग्री गरमी वाढली की कागदाचं आयुष्य निम्मं होते असा इंजिनिअर लोकांचा जुना हिशोब आहे. पंचवीस वर्षं चालणारी वस्तू अशीच सतरा दिवसांवर येते. पहिली डीपी एवढी वर्षं टिकली कारण मोटरी एकदम नाही, एकेक करून वाढल्या. दुसरीवर पहिल्या दिवसापासून सगळा बोजा.

व्होल्टेजचंही ऐका. प्लेटवर ४३३ आहे ते लोड नसताना. शेवटच्या मोटरीपर्यंत ४१५ पोचले तर भाग्य समजायचं. आमच्या नाल्यापलीकडच्या भाऊकडं ३५० भरलं. आपण म्हणतो होल्टेज कमी म्हणून मोटर कमी खात असेल. उलटं आहे. मोटरीला पाणी तर तेवढंच उचलायचं, व्होल्टेज कमी भेटलं तर ती करंट जास्त ओढते. ४१५ च्या जागी ३५० असलं की करंट अठरा-एकोणीस टक्क्यांनी वाढते. म्हणजे लोड जास्त म्हणून व्होल्टेज पडते, व्होल्टेज पडते म्हणून करंट वाढते, करंट वाढते म्हणून व्होल्टेज आणखी पडते. याच्यात डीपीही जाते आणि मोटरही. रिवाइंडिंगवाला मात्र खूश.

आणखी एक गोष्ट, जी आपण हुशारी समजून करतो. थ्री फेज नसली की कंडेन्सर लावून दोन फेजवर मोटर चालवणे. ६३ केव्हीए हा तिन्ही फेजचा मिळून आकडा आहे, एका फेजच्या वाट्याला २१ येतात. सगळं वजन दोन फेजवर टाकलं तर एकूण आकडा ६३ च्या आत असूनही त्या दोन गुंडाळ्या जळतात. बंडीचा सगळा माल एकाच बाजूला भरून पाहा म्हणजे कळेल.

इम्पीडन्स ४.५ टक्के हा आकडा मले पहिले निरुपयोगी वाटला. पण त्यानं सांगितलं ते ऐकून अंगावर काटा आला. डीपीजवळच्या तारा एकमेकीला चिकटल्या, शॉर्ट झाला, तर करंट किती होईल ते या आकड्यावरून निघते. ८४ ला ४.५ टक्क्यांनी भागायचं, म्हणजे साडेअठराशेच्या वर ॲम्पियर. त्या वेळी वाचवणारा एकच, फ्यूज. आणि आपण काय करतो? फ्यूज घडीघडी जाते म्हणून पेटीत ॲल्युमिनियमची जाड तार पिळून टाकतो. एकदा केलं की "आता महिनाभर फ्यूज जात नाही" म्हणून मिरवतो. फ्यूज जात होता तो आपल्याले सांगून राह्यला होता की लोड जास्त झाला. त्याचं तोंड बांधलं, मंग त्याच्या जागी डीपी गेली. शिवाय अशा पेटीत हात घालून जीव गेलेल्यांच्या बातम्या आपण दरसाल वाचतोच. फ्यूज वायरमनकडूनच टाका, आणि मापाचाच टाका.

आता मुद्द्यावर. अशा वेळी गावात एकच मागणी होते, "आमाले १०० ची द्या." आम्हीही लिहून दिलं होतं. मी विरोधात नाही. ७६ एचपी खरोखर लागत असतील तर १०० ची डीपी हवीच, तिच्यावर ॲम्पियर १३३ लिहिलेले असतात. पण मोटरींची खरी यादी न देता १०० मागणं मला आता पटत नाही. ऑफिसच्या कागदावर आपण ५४ एचपी. ५४ एचपीवाल्यांना ६३ ची डीपी बरोबरच आहे, साहेब तरी कोणत्या कागदावर १०० लिहून देणार? आणि समजा भांडून मिळाली, तर दोन वर्षांत आपण तिच्यावर ११० एचपी नेऊन ठेवू. पुन्हा डीपी मोठी झाली तरी खांबावरची तार तीच बारीक असली तर शेवटच्या माणसाचं व्होल्टेज फारसं सुधरत नाही, ते तारेतच मरते.

खरी यादी द्यायला लोक भितात, आणि त्याचं कारण मी समजू शकतो. २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंत शेतीपंपाची वीज मोफत झाली. आमचा दहावाला भाऊ पारावर स्पष्टच बोलला, "मी दहा लिवून देऊ अन् योजनेच्या बाहेर जाऊ? तू भरशील का माह्या बिलाचे?" त्याच्या बोअरला साडेसातची मोटर पाणी देत नाही. तो खोटा माणूस नाही, अडचणीतला आहे. माझं त्याच्याशी दोनदा वाजलं. बिल शून्य झालं म्हणून करंट शून्य होत नाही, त्याचा वाटा आम्ही अकराजण भरतो, गळलेल्या फळांच्या रूपानं. पण पाचचे साडेसात करणाऱ्यांना तर तीही भीती नाही. साडेसात योजनेत बसते. मंग आम्ही सहाजणांनी अर्ज का नाही केला? आळस, आणि "कोण विचारते" ही वृत्ती. दुसरं कारण मला तरी सापडलं नाही.

१०० ची येईल तेव्हा येईल. तोवर आम्ही दोन गोष्टी केल्या, दोन्ही स्वस्तातल्या.

एक, कॅपॅसिटर. तीनच्या मोटरीला १ केव्हीएआर, पाचला २, साडेसातला ३, दहाला ४. एका फवारणीच्या औषधापेक्षा कमी खर्च. तो स्टार्टरच्या पुढं मोटरीच्या बाजूनं जोडायचा, म्हणजे मोटर बंद की तोही बंद. जास्त मोठा लावून फायदा नाही, मोटरीला त्रास होतो. बंद केल्याबरोबर त्याच्या टोकाला हात लावायचा नाही, झटका देते. पाचच्या मोटरीवर आम्ही लावण्याआधी आणि लावल्यावर मोजलं, लाईनचा करंट आठवरून पावणेसातच्या खाली आला. क्रेटचं वजन वावरातच उतरवलं, डीपीपर्यंत गेलंच नाही. बारापैकी दहाजणांनी लावले. सगळ्यांनी लावले तर ७६ एचपीचे ८७ ऐवजी ७४ केव्हीए होतात. तरी ६३ पेक्षा जास्तच, हे लक्षात घ्या. कॅपॅसिटर ही जादू नाही. दोघांकडं जुने होते, ते तपासले तर मेलेले निघाले. डबा लटकला आहे म्हणजे चालू आहे असं नाही.

दोन, पाळी. सात मोठ्या मोटरींपैकी रोज दोन बंद. तेव्हा ६१ एचपी किंवा त्याहून कमी राहतात, कॅपॅसिटर धरून ५९ केव्हीए. बसते. भांडणं झाली नाहीत असं नाही. एकदा रात्री अकराला मले कोणी तरी फोन करून "तुमची पाळी नसून चालू काऊन" म्हणून झापलं, आणि ते बरोबर होतं, पोरानं चालू केली होती. त्याच्यासोबत ऑटो काढले. लाईन आली की बाराही मोटरी एकाच सेकंदाला उठायच्या, आणि उठताना मोटर पाच-सहापट करंट ओढते. ज्यांना ऑटो सोडवत नाही, रात्रीच्या लाईनला कोण जाते वावरात, त्यांनी निदान त्यातला टायमर वेगवेगळा ठेवा. कोणाचा एक मिनिट, कोणाचा तीन, कोणाचा पाच.

कृषी सहायक, कृषी विज्ञान केंद्राचे, विद्यापीठाचे मित्रही हे पान वाचतात, त्यांच्यासाठी एक बोलतो. अंबियासाठी आपण सगळ्यांना सांगता, डिसेंबरात ताण द्या, जानेवारीत ताण तोडा. सल्ला बरोबरच आहे. पण शिरजगाव, करजगाव, ब्राह्मणवाडा थडी, घाटलाडकी, सगळीकडं एकाच आठवड्यात ताण तुटतो. त्याच वेळी हरभऱ्यालाही पाणी चालू असते. एका डीपीवरचे बाराही बगीचे एका दिवशी पाणी मागतात, आणि डीपीला तुमचा सल्ला माहीत नसतो. मातीप्रमाणे, झाडाच्या वयाप्रमाणे ताण तोडायची तारीख आठ-दहा दिवस मागंपुढं करता येते का, हे एका गावाला धरून न सांगता एका डीपीला धरून सांगता आलं तर पाहा. ठिबकवाल्यांना तर ते सोपं आहे. मी दहावी पास माणूस, चुकत असेन तर सांगा, पण पाण्याचं वेळापत्रक आणि डीपीची प्लेट हे दोन कागद एकाच टेबलवर ठेवलेले मी अजून कुठं पाहिले नाहीत.

ज्यांच्याकडं २०१८ नंतरच्या उच्चदाब योजनेतली लहान डीपी आहे, म्हणजे १०, १६, २५ ची, त्यांनीही निर्धास्त राहू नये. १६ ची डीपी दोघांत असेल आणि दोघांच्या साडेसातच्या मोटरी असतील तर १५ एचपीचे कॅपॅसिटरशिवाय १७ केव्हीए होतात. कॅपॅसिटर लावला तर साडेचौदा. एवढ्या फरकावर तिचं जगणं-मरणं आहे. भाऊभाऊ आहेत म्हणून तिसऱ्याला वायर टाकून दिली की संपली.

आणि जळालेल्या डीपीच्या जागी दुसरी येते तेव्हा गाडीवरून उतरवायच्या आधी प्लेटचा फोटो घ्या. केव्हीए किती, साल कोणतं, नंबर कोणता. दुरुस्त होऊन आलेली असली तरी हरकत नाही, पण प्लेट असली पाहिजे आणि ती वाचता आली पाहिजे. तो फोटो ग्रुपवर टाकून ठेवा. माझं तर म्हणणं आहे की प्रत्येक डीपीजवळ एक पाटी असावी, डीपी किती केव्हीएची, तिच्यावर मोटरी किती, एकूण एचपी किती. रेशन दुकानात साठा लिहितात तशी. ऑफिसनं लावली तर उत्तम, नाही लावली तर आपण पत्र्यावर रंगानं लिहू. कुंपणाच्या बाहेर, अर्थात.

येत्या सोमवारी आम्ही चांदूर बाजारले अर्ज घेऊन जातो. १०० च्या डीपीचा एक आणि भार वाढीचे आपापले. सोबत प्लेटचा फोटो, तीन फेजचं मोजमाप आणि बारा मोटरींची यादी जोडली आहे. काल रात्री दहावाला भाऊ यादी पाहायला घरी आला. त्याच्या नावापुढं मी पेन्सिलनं १० लिहिलं होतं, म्हटलं खोडायचं असेल तर त्यालाच खोडू द्यावं. बराच वेळ कागद धरून बसला. चहा थंड झाला. मंग म्हणे, "पेनानं लिव," आणि चप्पल घालून निघून गेला.